मदत हवी आहे: मारा नदीवर भर दुपारी फोटो मऊ (धूसर) येतात, लेन्स कोणती न्यावी?

सप्टेंबरात केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात विल्डबीस्टचे (मोठ्या आफ्रिकी हरणांचे) कळप नदी ओलांडताना टिपायचे आहेत. खरी अडचण उन्हाच्या झळांची. कळप अनेकदा दहानंतर, ऊन तापल्यावर पाण्यात उतरतात, आणि तेव्हा ५०० मिमीवर लांबचा काठ नुसता थरथरत असतो. फोकस बरोबर, शटर १/२०००, तरी केसांचा पोत येत नाही. दोष हवेचा आहे, त्यामुळे टेलिकन्व्हर्टरने (लेन्सची पोहोच वाढवणाऱ्या जोडभिंगाने) तो उलट ठळक होतो. तापलेल्या बॉनेटवरून नेम धरला तरी तेच. लेन्सपुढच्या लांब हूडमध्येही गरम हवा अडकते, म्हणून तो काढून पाहावा म्हणतो.

अशा वेळी १००-४०० मिमीची झूम घेऊन धूळ, काठ आणि रांग अशी रुंद चौकट धरावी, की ५०० प्राइमच (झूम नसलेली) न्यावी? नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानात साधारण १५ किलोच नेता येतात, तेही मऊ बॅगेत. दोन्ही जमणार नाही.

लेन्स टेकवायची बीनबॅग रिकामी नेऊन तिथे तांदूळ भरणार. लँडक्रूझरच्या उघड्या छपराच्या कडेवर किती किलो पुरतात? आणि इंजिन बंद असलं तरी सोबतचे हलले की गाडी डुलते; तशात १/६० वर पॅनिंग (धावत्या प्राण्यासोबत कॅमेरा फिरवत फोटो घेणं) जमतं का? ज्यांनी तिथे केलंय त्यांनी कृपया सेटिंगसकट सांगा.