मदत हवी आहे: 'द नॅव्हिगेटर' मुलांना दाखवायचा आहे

नमस्कार मंडळी, विनोदी नट बस्टर कीटनचा 'द नॅव्हिगेटर' (१९२४) हा मूकपट सोसायटीतल्या मुलांना दाखवायचा आहे. भरकटलेल्या जहाजावर दोघंच, आणि स्वयंपाकघर शेकडो माणसांचं! जहाज खरंखुरं, 'ब्यूफर्ड' नावाचं. १९१९ मध्ये याच जहाजातून अराजकतावादी कार्यकर्ती एमा गोल्डमनसह २४९ जणांना अमेरिकेतून हद्दपार केलं होतं. पाण्याखालचे प्रसंग अमेरिकेतल्या टाहो तलावाच्या गारठवणाऱ्या पाण्यात चित्रित केलेत, हे ऐकून तर मुलं थक्कच होतील.

चित्र स्वच्छ असलेली प्रत कुठे मिळेल? आणि मधल्या इंग्रजी पाट्या मराठीत मोठ्यानं वाचाव्यात, की आधीच गोष्ट सांगावी? सोबत पेटी वाजवायला आमचे एक काका तयार आहेत. कुणी असा खेळ केला असेल तर जरूर कळवा.