रविवारी मेस चालते, भक्ती चुकते, काय करावं?

बाफलेवाली_इंदूर
नमस्कार. भंवरकुआं साइडला कोचिंगच्या पोरांची मेस चालवते मी. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते म्हणून दुपारी सगळ्यांना दाल-बाफलेच लागतात, म्हणजे सकाळी उठल्यापासून कणीक, मग बाफले उकळा, शेका, तुपात बुडवा, आणि नेमकी तेव्हाच चर्चमधे भक्ती सुरू. पोरं घरापासून लांब असतात, आठवडाभर त्या एका जेवणाची वाट बघतात, आणि खरं सांगू का, गिऱ्हाईकही त्याच्यावरच टिकतं. सासूबाई म्हणतात, देवाचा दिवस विकलास. नवरा म्हणतो बायबलमधलं कलस्सै 3:23 वाच, जे करता ते प्रभूसाठी म्हणून करा, झालं, स्वैपाक हीच भक्ती. मला दोन्ही पटत नाही. बाफले वळताना स्तोत्र 23 म्हणते मनात, पण अर्धं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे. आणि प्रभुभोजन (चर्चमधे सगळे मिळून भाकर-द्राक्षारस घेतात ते) चुकलं की आठवडाभर चुकल्याचुकल्यासारखं होतं. ही भक्ती धरायची का मी स्वतःची समजूत घालतेय?

फतेहगंजचा_काका (बडोदा)
ताई, पहिल्या ख्रिस्ती लोकांना रविवारची सुट्टी नव्हतीच हो. साधारण 112 साली प्लिनी नावाच्या रोमन गव्हर्नरने बादशहाला पत्र लिहिलंय, त्यात आहे की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून गीत म्हणतात, मग पांगतात आणि जेवायला परत एकत्र येतात. हे खरं का ते तपासायला त्याने दोन दासींचा छळ केला, त्या ख्रिस्ती मंडळीतल्या सेविका होत्या. दासीला कोण सुट्टी देतंय! सुट्टी आली 321 साली रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनच्या हुकमाने, त्यातही शेतकऱ्यांना कामाची मुभा होती. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना 1890 साली रविवार मिळाला तो नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यामुळे, आणि ते तर सत्यशोधक. तेव्हा दिवस विकला वगैरे मनाला लावून घेऊ नका.

साधा_विश्वासी
काका, इतिहास ठीक आहे पण त्या दासी जमत होत्याच ना, पहाटे का होईना. घरी बसून कामालाच भक्ती म्हणत नव्हत्या. इब्री 10:25 स्पष्ट आहे, एकत्र मिळणं सोडू नका. आणि ताई, मिस्टरांना सांगा 3:22 पासून वाचा, ते दासांना लिहिलंय, ज्यांच्या हातात स्वतःचा वेळच नव्हता त्यांना ते पत्र लिहिणारा पौल धीर देतोय की तुमचे कष्ट प्रभू बघतो. चर्चला नाही गेलं तरी चालतं असं त्यातून कुठे निघतं? कामात देव असतो, मान्य, पण भाकर मोडायला दुसरा माणूस लागतोच. ज्याला कधीच कोणाबरोबर बसायचं नाही त्याने हे वचन ढालीसारखं पुढे करू नये (हे मिस्टरांना नाही, आमच्याकडच्या बऱ्याच जणांना).

लष्करकर (ग्वाल्हेर)
तुम्ही दोघं ताईंनाच काय ते करायला सांगताय. 1 करिंथ 11 काढा, पौलाचंच करिंथच्या मंडळीला पत्र. तिथे प्रभुभोजनाला जमायचे तेव्हा एक जण उपाशी आणि दुसरा पिऊन तर्र. उपाशी कोण राहत असतील, बहुतेक तेच ज्यांना कामावरून लवकर सुटता येत नव्हतं. पौल काय त्यांना रागावतो का, की वेळेवर या? नाही, तो आधी येऊन जेवणाऱ्यांना झापतो आणि 33 व्या वचनात सांगतो, एकमेकांसाठी थांबा. मला तर वाटतं तुमचा प्रश्न मंडळीला विचारायला हवा. सकाळची वेळ काय सीनाय पर्वतावरून दहा आज्ञांबरोबर आलीये का? 155 च्या सुमाराला जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलंय की जे हजर नसत त्यांच्याकडे सेवक भाकर आणि द्राक्षारस पोचवत. पाळकांशी सरळ बोला, लाजू नका, आजाऱ्यांच्या घरी ते जातातच की.

बाफलेवाली_इंदूर
सगळ्यांचे आभार. 3:22 नवऱ्याला दाखवलं, तो गप्प बसलाय सध्या. आमच्या मंडळीत एक नर्स आहे, एक सिक्युरिटीवाले दादा, त्यांचंही हेच रडगाणं, तर तिघं मिळून पाळकांना भेटतोय, रविवारी संध्याकाळी छोटी भक्ती ठेवता येईल का म्हणून. मेस तेव्हा बंदच असते. सासूबाईंना प्लिनीचं वाचून दाखवलं काका, तर म्हणाल्या, मग तू पण उठ की उजाडायच्या आत.