शिंजिराचे फोटो काळे आणि पुसट का येतात?

प्रश्न: बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पांगाऱ्यावर येणारा जांभळा शिंजीर (सनबर्ड, फुलांतला मध पिणारा छोटा पक्षी) टिपतोय. लेन्स ४०० मिमी, शटर १/५०० सेकंद. नर कोळशासारखा दिसतो, पंख पुसट. हमिंगबर्डचे पंख इतके स्पष्ट कसे मिळतात?

उत्तर १: हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतो आणि फुलासमोर हवेत तरंगतो. तिथे फुलावर आधीच फोकस लावून, कमी पॉवरच्या दोन-तीन फ्लॅशनी पंख गोठवतात. शिंजीर बहुतेकदा फांदीवर बसूनच मध पितो, त्यामुळे इथे फ्लॅशची गरजच नाही. बसलेला असेल तर १/१०००, उडताना १/२५००. ऑटो आयएसओची (कॅमेरा आपोआप ठरवतो ती प्रकाश-संवेदनशीलता) मर्यादा ३२०० ठेवा.

उत्तर २: काळेपणाचं कारण शटर नाही. ती निळी-जांभळी झळाळी पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे दिसते, म्हणून कोन चुकला की रंग गायब. सकाळचं ऊन तुमच्या पाठीवर हवं. मागे उघडं आकाश असेल तर एक्स्पोजर १ स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवा. विणीनंतर नराचा रंगही फिका पडतो, तेव्हा फेब्रुवारी-मार्च सोडू नका!

उत्तर ३: झाडभर पाठलाग नको. डोळ्यांच्या उंचीवरचा एकच ताजा फुलोरा निवडा, मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) लावून तासभर हलू नका. तो पुन्हा त्याच फुलांवर येतो. घरटं दिसलं तर मात्र लगेच मागे फिरा.