मॅचच्या आधी पोटात होतं ते नक्की काय? धाकधूक, धास्ती, हुरहूर की धसका?

मिसिसागाकर:
शनिवारी संध्याकाळी बॉस्टनबरोबर मॅच आहे आणि आज गुरुवार, पण माझं आत्तापासूनच जेवणात लक्ष नाही. बायको म्हणाली तुला होतंय तरी काय, तर मला धड एक शब्द सांगता येईना. भीती म्हणावं तर मॅच बघायचीच आहे, उद्या कुणी सांगितलं की रद्द झाली तर वाईटच वाटेल. उत्सुकता म्हणावं तर उत्सुकतेत माणसाला भाकरी गोड लागते, मला लागत नाहीये. उत्कंठा हा पेपरातला शब्द, तो शिगेला पोचण्यापलीकडे काही करत नाही. डोक्यात धाकधूक, हुरहूर, धास्ती, धसका, घालमेल एवढे आलेत. यातला बरोबर कुठला, आणि का?

(माहीत नसलेल्यांसाठी: इथे कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरची. आमची टीम टोरांटो मेपल लीफ्स, शेवटचा स्टॅनले कप (लीग जिंकणाऱ्याचा करंडक) १९६७ साली. बॉस्टन ब्रुइन्स आमच्याच अटलांटिक डिव्हिजनमधले, म्हणजे गटातले.)

खडकीवाली:
हॉकी वाचून धावत आले, आमच्या खडकीचा धनराज पिल्ले असणार म्हणून, तर इथे बर्फ निघाला. असो. माझं मत धाकधूक, आणि त्याला दहावीच्या निकालाइतका चांगला पुरावा नाही. निकालाची आपण धाकधूकच म्हणतो ना? धास्ती नाही म्हणत. धास्ती पिसाळलेल्या कुत्र्याची, सावकाराची, म्हणजे त्यातून चांगलं काही निघायची शक्यताच नसते. धाकधुकीला दोन्ही दारं उघडी लागतात. आमच्या वर्गात एकाने गणिताचा पेपर जवळजवळ कोरा दिला होता, निकालाच्या दिवशी त्याला कसलीही धाकधूक नव्हती, तो सकाळी विटीदांडू खेळत होता. धाकधूक आम्हा काठावरच्यांना.

जुनी सही:
सहमत, फक्त हुरहुरीला यादीतून काढा. हुरहूर कातरवेळी लागते, कुणी गावाला निघून गेलं की लागते, आणि कशाची लागली ते विचारलं तर नीट सांगता येत नाही. तुमचं कारण तर ठळक आहे, शनिवार संध्याकाळ, समोर बॉस्टन. सीझन संपल्यावर पहिल्या शनिवारी टीव्हीसमोर बसून रिमोट हातात धरून काय बघायचं कळत नाही, ती हुरहूर. घालमेल चालेल पण त्यात करू की नको असं असतं, लग्नाला होकार देताना होते ती. तुम्हाला काही ठरवायचंच नाहीये, फक्त बसून बघायचंय, मग घालमेल कसली.

आगाऊ कार्टी:
'पोटात फुलपाखरं' कुणीच कसं नाही म्हणालं अजून 😄

जुनी सही:
कारण मराठी पोटात गोळा येतो, खड्डा पडतो, कालवाकालव होते आणि कावळे ओरडतात. फुलपाखरं इंग्रजीतून उडत आलीत. आणि त्यात एक गुलाबी छटा आहे, पहिल्या डेटला ठीक, बॉस्टनसाठी नाही.

मालवणी खाजा:
आमच्याकडे सरळ 'पोटात गोळो इलो'. पण गोळो येता तो अचानक, बातमी ऐकल्यावर. दोन दिवस आधीपासून येऊन बसलेल्या गोळ्याक डॉक्टरकडे न्यायचा.

मिसिसागाकर:
धाकधूक पटतंय, पण माझी एक अडचण आहे. मॉन्ट्रियलशी मॅच असली की मला होते ती धाकधूक, तिच्यात मजा असते. बॉस्टनच्या वेळी त्याच्याखाली अजून काहीतरी जुनं असतं. २०१३ सांगतो म्हणजे कळेल. मी नवीन आलेलो, एका बेसमेंटमधे भाड्याने राहायचो, हॉकीचे नियम अर्धेच कळत होते. प्लेऑफ म्हणजे बाद फेऱ्या, त्यातल्या पहिल्या राउंडची सातवी म्हणजे शेवटची मॅच (सातात जो चार जिंकेल तो पुढे), बॉस्टनमधे, तिसऱ्या म्हणजे शेवटच्या पिरियडमधे आम्ही ४-१ ने पुढे. मी शहाणपणा करून नाशिकला मित्राला फोन लावला की जिंकलो रे, तिकडे सकाळ होती, तो म्हणाला अभिनंदन, कशात? त्याला समजावून सांगेपर्यंत ४-२ झालं, मग शेवटच्या दीड मिनिटात गोली (गोलकीपर) बाहेर काढून, त्याच्या जागी एक जादा खेळाडू घेऊन त्यांनी दोन गोल मारले, दुसरा ५१ सेकंद उरलेले असताना बर्जेरॉनचा, आणि ओव्हरटाइममधे परत बर्जेरॉनच. ५-४. फोन चालूच होता. तेव्हापासून मी मॅच चालू असताना कुणाचाही फोन घेत नाही, आईचासुद्धा नाही, तिने ते आता मान्य केलंय.

खडकीवाली:
मग तो धसका. धसका घेतलेला असतो, मागे कधीतरी, आणि तो आत राहून बसतो. धाकधूक पुढच्याची, धसका मागच्याचा. तुम्हाला दोन्ही एकाच वेळी होतंय म्हणून एक शब्द पुरत नाहीये.

मिसिसागाकर:
हे भारी आहे. कारण नंतर २०१८ ला सातव्या मॅचमधे ७-४, २०१९ ला सातव्या मॅचमधे ५-१, दोन्ही वेळा बॉस्टनच. आणि २०२४ ला परत बॉस्टन, परत सातवी.

तालमीतला:
एक प्रश्न, दरवेळी तेच कसे समोर येतात? चिठ्ठ्या टाकतात का काय?

मिसिसागाकर:
रचनाच तशी आहे. डिव्हिजनमधे आठ टीम. पहिल्या तीन प्लेऑफला जातात आणि दुसऱ्या-तिसऱ्याची गाठ पहिल्याच राउंडला. २०१८, २०१९, २०२४ तिन्ही वेळा ते दुसरे आणि आम्ही तिसरे (२०१३ ची पद्धत वेगळी होती). म्हणून साधी सीझनमधली मॅचसुद्धा जड जाते, ऐंशीच्या वर मॅचमधली एक असली तरी. जिंकलं की दोन पॉइंट, पण डिव्हिजनवाल्याला हरवलं की त्याचे दोन राहिले, म्हणून तिला चार पॉइंटची मॅच म्हणतात.

तालमीतला:
मग भावा तू शब्द चुकीच्या बाजूनं शोधाय लागलाईस. प्रतिस्पर्धी म्हणतोस तिथंच बिघडलंय. प्रतिस्पर्धी वक्तृत्व स्पर्धेत असतो. ज्याच्याशी एकाच रानाची वाटणी आहे, ज्याचं वाढलं की आपलं घटतंय आणि ज्याला टाळून रस्ताच नाही, तो भाऊबंद. बॉस्टन तुझा भाऊबंद आहे, बांधाला बांध लागलेला. लांबच्या डिव्हिजनवाल्याकडून हरलास तर पाव्हणा जिंकून गेला, जेवून जा म्हणायचं. भाऊबंदानं बांध कोरला तर झोप लागत नाही. आमच्याकडे कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलला पेठेच्या टीम समोरासमोर आल्या की हेच असतंय, समोरचा गोली लहानपणी शेजारच्याच गल्लीत खेळलेला. तिथं आम्ही धाकधूक बिकधूक म्हणत नाही, ईर्षा म्हणतो. पोरं ईर्षेनं खेळली, ईर्षेला पेटली.

जुनी सही:
भाऊबंद फर्स्ट क्लास, घेतला. पण ईर्षेबद्दल थांबा जरा. पुण्याकडे ईर्षा म्हणजे मत्सर, 'ईर्ष्या', वाईट गोष्ट. कोल्हापुरात ती गुण आहे. आणि ती खेळणाऱ्याची, बघणाऱ्याची नाही. बघणारा ईर्षेला पेटून काय करणार, सोफ्यावर?

तालमीतला:
सोफ्यावर बसून बघणाऱ्याला आमच्यात काय म्हणतात ते इथं लिहिता येत नाही 😂 पण बरोबर, ईर्षा खेळणाऱ्याची. बघणाऱ्याची हातापायांची नुसती लटलट.

वऱ्हाडी ठेचा:
आमच्याकडं बाप्पा सोपं आहे, 'जिवाची धकधक होऊन राह्यली'. पण तुमच्या २०२४ ले कोणता शब्द देसान? काय झालतं तवा?

मिसिसागाकर:
१-३ ने मागे होतो. एक हरलो की घरी. पाचवी ओव्हरटाइममधे जिंकली, नाइजने मारला, २-१. सहावी पण २-१, दोन्ही गोल नीलँडरचे. सातवीत आधी गोल आमचा, मग त्यांनी बरोबरी केली, ओव्हरटाइमला दोन मिनिटंही झाली नाहीत तोवर त्यांच्या पास्तर्नाकचा गोल. २-१.

वऱ्हाडी ठेचा:
मंग ते धुगधुगी. आजा खाटेवर असला, सारे जमले, अन् कोनीतरी नाकासमोर हात धरून म्हंते 'थांबा, धुगधुगी हाये अजून'. तुमी दोन मॅच धुगधुगीवर काढल्या.

खडकीवाली:
अय्यो. म्हणजे धाकधूक जिवंत माणसाच्या छातीत आणि धुगधुगी जाणाऱ्याच्या. आवाज जवळपास तोच, फक्त मऊ झालाय. हे मला कधी सुचलं नव्हतं.

आगाऊ कार्टी:
सातवी सातवी काय चाललंय, तुम्हाला साडेसाती आहे सरळ.

मिसिसागाकर:
तिला नाव पण आहे, ब्रॅड मार्शंड. चारही वेळा तो बॉस्टनमधे. २०२५ च्या मार्चमधे फ्लोरिडाला गेला, मी म्हटलं सुटलो. मे महिन्यात आमची फ्लोरिडाशी सातवी मॅच, आमच्याच घरात, १-६. या पाचही सातव्या मॅचना हा समोर. आणि फ्लोरिडा पण अटलांटिकच, म्हणजे तालमीतल्याच्या हिशोबाने एका भावाने दुसऱ्या भावाला नांगर उसना दिला. इकडे मे महिन्यात सगळ्या मेपलना नवी पालवी असते, फक्त आमचीच पानगळ.

जुनी सही:
शब्दाकडे परत. वापर बघा, धाकधूक 'होते' किंवा मनात 'असते', धास्ती 'वाटते' नाहीतर 'घेतली' जाते, धसका 'घेतो' किंवा 'बसतो'. बायकोला सांगताना 'बॉस्टनचा धसका आहे म्हणून शनिवारची धाकधूक होतेय' असं एका वाक्यात बसतं. आणि २०१३ च्या ४-१ ची राहिली ती रुखरुख, चुटपुट म्हणू नका. चुटपुट छत्री रिक्षात विसरल्याची, दोन दिवसांत जाते.

मिसिसागाकर:
सांगितलं. ती म्हणाली बरं, मग आता जेव. आणि वर विचारते की तुझा जीव भांड्यात कधी पडणार एकदाचा.

तालमीतला:
तुमचा तो कप म्हणजे भांडंच की रं. पडू दे त्यात.

मिसिसागाकर:
१९६७ पासून दुसऱ्यांच्याच घरी आहे ते भांडं.