मदत हवी आहे : मेंदूतल्या नसेला ६ मिमीचा फुगा, कॉइलिंग की क्लिपिंग?

आई, वय ५८. एमआरआयमध्ये अँटिरिअर कम्युनिकेटिंग धमनीवर ६ मिमीचा ॲन्युरिझम (नसेचा फुगा) दिसला. फुटलेला नाही. बीपी आहे, सिगारेट नाही. घराण्यात कुणाला नाही. एक डॉक्टर कॉइल म्हणतात, दुसरे क्लिप. ठरवायचं कसं?

प्रतिसाद १
डीएसए (नसेत औषध सोडून काढलेले नसांचे एक्स-रे) झाली का? निर्णय फुग्याच्या मानेवर, म्हणजे फुगा नसेला जिथे जोडलेला असतो त्या तोंडावर फिरतो आणि मान तिथेच नीट मोजता येते. मान ४ मिमी किंवा जास्त असेल तर कॉइल घसरून मुख्य नसेत येऊ शकते. मग बलून किंवा स्टेंटचा आधार लागतो.

कॉइल म्हणजे केसासारखी बारीक प्लॅटिनमची तार. मांडीतून किंवा मनगटातून नळी मेंदूपर्यंत नेतात. पहिली कॉइल फुग्याच्या आत टोपलीसारखी बसते, मग लहान लहान कॉइल्स टोपलीत भरत जातात, रक्त गोठतं. पुढे कॉइल्स दबल्या तर मानेपाशी पुन्हा रक्त शिरतं. त्यामुळे ६ महिन्यांची तपासणी कृपा करून चुकवू नका. क्लिपमध्ये कवटी उघडून मानेला टायटॅनियमचा चिमटा लावतात. फुगा परत भरण्याची शक्यता फार कमी, पण सावरायला वेळ जास्त.

प्रतिसाद २
कॉइल आणि क्लिपची तुलना करणाऱ्या २००२ च्या आयसॅट अभ्यासाचा हवाला कुणी दिला तर जपून. त्यात एका वर्षात मृत्यू किंवा परावलंबित्व कॉइलिंगमध्ये सुमारे २४ टक्के, क्लिपिंगमध्ये ३१. पण ते सगळे फुटलेल्या फुग्यांचे रुग्ण होते. आईंचा फुटलेला नाही.

तिसरा पर्याय, म्हणजे काही न करता लक्ष ठेवून थांबणं, कुणी सांगितला का? फुगा फुटण्याचा धोका मोजणारा फेझेस स्कोअर लावा : जागेचे ४ गुण, बीपीचा १, आकार ७ मिमीच्या आत म्हणून ०, वय सत्तरच्या आत म्हणून ०. एकूण ५, म्हणजे पाच वर्षांत फुटण्याचा धोका सुमारे १.३ टक्के. (हा स्कोअर युरोप, उत्तर अमेरिका, जपानच्या रुग्णांवरून काढलेला आहे.) दोन्ही डॉक्टरांना विचारा, 'तुमच्या हाताखालच्या अशा केसेसमध्ये स्ट्रोक किती?' तो आकडा १.३ शेजारी ठेवून बघा. फुग्याला वेडीवाकडी पिल्लं (त्यावरच उठलेले छोटे फुगे) असतील किंवा आकार वाढत असेल तर मात्र थांबणं नको.

प्रतिसाद १
सहमत. थांबायचं ठरलं तरी बीपी काबूत हवंच. स्टेंट ठरला तर ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल (गुठळी होऊ न देणारी औषधं) आधीपासून सुरू होतं. दात काढायचा म्हणूनही स्वतःहून बंद करू नका, स्टेंटमध्ये गुठळी होते. आणि एकाएकी आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी, उलटी, मान आखडणं किंवा पापणी लोंबणं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. न्यूरोसर्जरी असलेल्या रुग्णालयातच न्या. फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांतच सर्वाधिक असतो.