मातीच्या हाशीओकीवर सोया सॉसचा डाग, टेबलावर ओरखडे

शेवंती:
क्योतोत दोन वर्षं काढली, पण २१ तारखेला तोजी देवळाच्या आवारात भरणाऱ्या बाजारात परवा पहिल्यांदाच हात सैल सुटला. एका आजींच्या पथारीवर हाशीओकी दिसल्या. हाशी म्हणजे जेवायच्या काड्या, त्या टेकवायच्या या चिमुकल्या अडण्या. हाताने घडवलेल्या, शेंगेच्या आकाराच्या. आपली वालपापडीच जणू! एक ३०० येनला. आम्ही चौघं, म्हणून चार मागितल्या. आजी हसल्या आणि पाचवी तशीच कागदात गुंडाळून दिली, तिचे पैसेही घेतले नाहीत.

आता रड. तळ खरखरीत, नव्या टेबलावर दोन ओरखडे पडले. एकीवर सोया सॉस सांडला, तो बारीक भेगांत मुरलाय, घासून निघत नाही. आणि लेक काड्या वाडग्यावरच आडव्या ठेवतो. त्याचं एक वेळ राहू दे, डागाचं काय करू?

हातमाती:
ताई, तळाला झिलई मुद्दामच नसते. असती तर भट्टीत वितळून खालच्या फळीला चिकटली असती. ओला पॉलिशपेपर घ्या, साधारण ४०० नंबरचा, आणि तळ गोल गोल घासा. बोट फिरवून टोचेनासं झालं की पुरे.
भेगांना इथे 'कान्न्यू' म्हणतात. भांडं निवताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसते, म्हणून तडकते. तो दोष नव्हे, काही जण त्यासाठीच घेतात. डागाला ऑक्सिजनवालं ब्लीच कोमट पाण्यात घालून रात्रभर बुडवा. पुढच्या वेळी नवीन आणली की तांदळाच्या धुवणात मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळायची, त्यातच गार होऊ द्यायची. पेज भेगांत बसते. शिवाय जेवणाआधी पाण्यात बुडवून पुसून ठेवलीत तर सॉस शिरायला जागाच उरत नाही.

निळीशाई:
एवढा खटाटोप कशाला? आरिता या पोर्सेलिनच्या (गुळगुळीत पांढऱ्या चिनी मातीच्या) भांड्यांसाठी प्रसिद्ध गावची घ्या. २९ एप्रिल ते ५ मे तिथे मोठा बाजार भरतो. डाग पडतच नाही.

ओसाकाकर:
लेकाला सांगा, वाडग्यावर आडव्या काड्या म्हणजे 'वाताशीबाशी', वाईट वळण. भातात उभ्या खोचणं तर त्याहून वाईट, ते मृतापुढे ठेवायच्या भातात करतात. काड्या आपल्या पुढ्यात, टेबलाच्या कडेला समांतर, टोकं डावीकडे आणि अडणीच्या थोडी पुढे. हॉटेलात अडणी नसेल तर काड्यांच्या कागदी पाकिटाची घडी घालून करतात.
आणि पाचवीचं कोडं: चारला 'शी' म्हणतात, मृत्यूलाही 'शी'. म्हणून इथे संच पाचाचे. आजींनी तुम्हाला चार देणं शक्यच नव्हतं.

शेवंती:
अय्या! आणि मी मनात म्हटलं होतं, खपत नसेल म्हणून गळ्यात मारली.
तळ घासला, आता गुळगुळीत. डाग निम्माच गेला. @निळीशाई, आरिताला जाईन कधी तरी, पण त्या गुळगुळीत पांढऱ्या तुकड्यांवर आजींचा अंगठा कुठे उमटलेला असणार? माझ्या प्रत्येक शेंगेवर दाण्याजागी तो आहे. लेकाने डागवालीच स्वतःची म्हणून पटकावली. काड्या अजून निम्म्या वेळा वाडग्यावर असतात, पण शेंग मात्र ताटाशेजारी हवीच.