काळी सॅन स्टॉर्म राखाडी पडली आहे, मूळ रंग परत येईल का?

खानापूरकर:
काकांची 2001 ची सॅन स्टॉर्म गाडी आता माझ्याकडे आली आहे. दोन सीटांची, कापडी टपाची, गोव्यात बांधलेली. रेनॉचं 1149 सीसीचं इंजिन अजून एका चावीत उठतं. काळजी आहे ती रंगाची. आठ वर्षं गाडी अंगणात पत्र्याच्या अर्ध्या सावलीत उभी होती. सावलीकडची बाजू काळी राहिली, उन्हाकडची खडू पुसलेल्या पाटीसारखी झाली. बॉनेटवर हात फिरवला की बोटं काळी होतात. पाणी मारलं की पाच मिनिटं अशी काळीकुळकुळीत दिसते की काका दारात येऊन बघत उभे राहतात. वाळली की परत राखाडी.

बेळगावात दोन ठिकाणी दाखवली. दोघंही म्हणाले, खरवडून नवा रंग मारू. एकानं तर विचारायच्या आधीच दाराच्या कडेवर घासायची मशीन लावली, बोटभर जागेत खालचा प्रायमर उघडा पडला. मला काकांच्या गाडीचा तोच रंग हवा आहे. सुरुवात कुठून करू?

उद्यमबागवाला:
दादा, नवा रंग अजिबात मारू नका. बोटाला काळं लागतंय म्हणजे बहुतेक वर लॅकर (रंगावरचा पारदर्शक थर) नाही, रंगच उघडा आहे. डिकीच्या कोपऱ्यात पांढऱ्या कापडावर थोडं पॉलिश घेऊन घासा. कापड काळं झालं की खात्री झाली. लॅकर असता आणि त्याचे पोपडे निघत असते, तर मात्र पॉलिशनं काही झालं नसतं.

उन्हानं वरचा थर भुकटी झालाय. त्यावर उजेड विखुरतो म्हणून राखाडी दिसतं, पाण्यानं ती खडबड भरली की काळं दिसतं. खाली रंग शाबूत आहे.

आता नीट ऐका. ही गाडी पत्र्याची नाही, फायबरची आहे. पत्रा उष्णता पसरवतो, फायबरमध्ये ती जागच्या जागी साठते. मशीन क्षणभर जास्त थांबली तरी रंग जळतो, आणि कडेला रंग मुळातच पातळ बसतो. तुमच्या दारावर तेच झालंय. रंगाची जाडी मोजायचं साधं मीटर लोखंडावर चालतं, इथं ते उपयोगाचं नाही. म्हणजे किती रंग शिल्लक आहे हे कुणी मोजून सांगणार नाही. म्हणून हातानंच करा.

धुवा, क्ले (चिकटलेली घाण उचलणारी मऊ माती) फिरवा. मग मेग्वायर्स कंपनीचं नंबर 7 ग्लेझ (तेलकट पॉलिश) टर्किश टॉवेलच्या तुकड्यानं जाडसर चोळा आणि रात्रभर तसंच ठेवा. त्यातलं तेल कोरड्या रंगात मुरतं. सकाळी पुसा, तहान दिसली तर परत द्या. मग हलकं पॉलिश, शेवटी वॅक्स. पॉलिश पेपर आणि रबिंग कंपाउंड सध्या कपाटातच राहू देत.

चिकोडीचा:
धुताना बोअरचं पाणी वापरत असाल तर उन्हात धुऊ नका. आमच्याकडं पाण्यात क्षार लई. थेंब वाळला की काळ्यावर पांढरी चकती उठते, मग ती काढायला परत घासणं आलं. पावसाचं साठवलेलं पाणी घ्या, एकेक भाग धुऊन लगेच टिपा. रबराच्या पट्ट्यांवर आधी टेप मारा, पॉलिश वाळलं की त्यातनं निघत नाही.

खानापूरकर:
शनिवारी डिकीवर वीतभर चौकोन करून बघितला. कापड शाईत बुडवल्यासारखं काळं झालं. ग्लेझ रात्री लावलं, सकाळी बघतो तर अर्धं पिऊन टाकलेलं. दुसऱ्यांदा लावलं, मग पॉलिश. आता त्या चौकोनात वरच्या फणसाचं पान न् पान दिसतं, बाजूला सगळी राख. काकांनी दोनदा बोट लावून बघितलं, काळं लागलं नाही.

दाराच्या कडेचं काय करू?

उद्यमबागवाला:
ते शेवटी. सगळी गाडी काळी झाल्यावर दुकानात सावलीकडच्या बाजूशी शेड जुळवून घ्या आणि बारीक ब्रशनं पातळ पातळ भरा. आज रंग आणलात तर तो राखाडीशी जुळवाल.